अजिंठा चौफुलीपुढची लिट्टी-चोख्याची गाडी: चव चांगली, पाणी त्याहून चांगलं

जळगावात वांगं भाजून विकायला बसायचं म्हणजे हिंमत लागते. इथे घरोघरी भरिताचे जाणकार बसलेले, आणि त्यातही मी अमळनेरची माहेरवाशीण, सासर आसोद्याकडचं. म्हणून चोख्याचा निकाल आधी देऊन टाकते. थंडीत पाचपैकी चार, उन्हाळ्यात अडीच. फरक वांग्याचा आहे, हाताचा नाही.

चोखा म्हणजे भाजलेलं वांगं, भाजलेला टोमॅटो, उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. आपलं भरीत म्हणजे आसोदा-बामणोदकडचं पांढरट हिरवं, हातभर लांब, कमी बियांचं वांगं. ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचायचं. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्यात बटाटा घालणाऱ्याशी आमच्याकडे कुणी सोयरीक करणार नाही. पण या माणसाने एक शहाणपण केलंय. पहिल्यांदा तो बाजारातली जांभळी वांगी आणायचा. आता दिवाळीनंतर मार्चपर्यंत आपलंच हिरवं वांगं घेतो आणि त्या दिवसांत बटाटा निम्म्यावर आणतो. डिसेंबरात त्याचा चोखा खाताना दोनदा तरी मान डोलावली मी. उन्हाळ्यात जांभळं वांगं, बिया कचकच, बटाटा भरपूर. तेव्हा लिट्टीसाठी जा, चोख्यासाठी नको.

लिट्टी मात्र बारा महिने चोख. कणकेच्या गोळ्यात सत्तू भरलेलं असतं. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. त्यात ओवा, कलौंजी, लोणच्याचा मसाला, लिंबू आणि थोडं मोहरीचं तेल. गोळा निखाऱ्यावर फिरवत फिरवत भाजायचा, फडक्याने राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवून पानात ठेवायचा. वरण-बट्टीवर वाढलेल्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. आपण जाडसर दळलेला गहू घेतो, त्यात हळद-ओवा घालतो, बट्टी उकडून कापतो आणि तळतो. वर तुरीचं वरण आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. बिहारातल्या छपऱ्यापासून आपल्या चोपड्यापर्यंत गहू, ओवा, तूप आणि भाजलेलं वांगं एवढ्यावरच माणसं जेवून उठताहेत. मी एकदा घरून वाटीत वरण नेलं होतं आणि लिट्टी त्यात कुस्करून खाल्ली. गाडीवाला बघत राहिला, त्याची बायको हसली, आणि आता ती मंडळी कधी कधी स्वतःसाठी तूरडाळीचं वरण करतात म्हणे.

गाडी कुठे? अजिंठा चौफुली ओलांडून एमआयडीसीच्या बाजूला, चटईच्या कारखान्यांतले आणि डाळमिलमधले कामगार पाळी सुटल्यावर ज्या रस्त्याने निघतात तिथे. पाटी नाही. निळी ताडपत्री, पत्र्याची शेगडी आणि खडूने लिहिलेला काळा फळा. फळ्यावरचं अक्षर त्यांच्या मुलीचं. ती मराठी शाळेत जाते आणि 'चटणी' असं शुद्ध लिहिते, जे आमच्या कॉलनीतल्या कित्येकांना जमत नाही. माणूस छपरा भागातला. आधी सुरतेत लूमवर होता, मग जळगावला चटईच्या मशीनवर, आणि रात्रपाळ्यांना वैतागून त्याने गाडी टाकली. सुरतहून छपऱ्याला जाणारी ताप्ती-गंगा नंदुरबार-अमळनेरवरूनच जाते. म्हणजे आपली माणसं ज्या गाडीने सुरतेला पोटासाठी जातात, तिच्याच उलट्या फेरीत हा बसलेला. कारखान्यात पारोळ्याकडची पोरं सोबत होती, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की तो थेट अहिराणीत विचारतो, "काय जोयजे?" उच्चार भोजपुरी, पण समजतं.

आता पाण्याचं. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण हे सगळं लिहायला बसले ती पाण्यामुळेच.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात आरोग्य सेविका म्हणून लागले आणि आरोग्य सहायिका होऊन गेल्या वर्षी निवृत्त झाले. खाण्याच्या गाडीवर गेले की नजर आधी ड्रमवर जाते, मग नखांवर, मग ताटं विसळायच्या बादलीवर. या गाडीवर पिण्याचा ड्रम वेगळा आणि झाकलेला आहे, त्याला तोटी आहे. विसळायला दोन बादल्या, दुसरीतलं पाणी तो माझ्यादेखत बदलतो. खाणाऱ्याने आधी हात धुवायचे म्हणून बाजूला साबण टांगलाय, जाळीच्या पिशवीत. कोविडात सुरू केलेली ही पद्धत त्याने अजून सोडलेली नाही. न धुता कुणी हात पुढे केला तर बायको नुसती साबणाकडे बोट दाखवते.

श्रावणाच्या तोंडाशी आमच्या कॉलनीत उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दोन घरं, मग ओळीने. पावसाळ्यात हे नवं नाही, पण एका लहान पोराला सलाइन लावावं लागलं आणि कॉलनीचा ग्रुप पेटला. पहिला मेसेज होता पाणी उकळून पिण्याचा. तिथेच थांबायला हवं होतं. रात्रीपर्यंत लिट्टीच्या गाडीचा फोटो फिरू लागला, त्यात गाडीवाला खांद्यावरच्या गमछ्याला हात पुसताना. खाली कुणीतरी लिहिलं, हे लोक कुठून येतात, कसे राहतात, कुणाला माहीत. दुसऱ्याने लिहिलं, आधी आपल्याकडे असं होत नव्हतं. (आधी आपल्याकडे काय काय होत होतं याची माझ्याकडे रजिस्टरं आहेत, पण असो.)

दुसऱ्या दिवशी गेटवर नियम लागले. बाहेरच्या गाडीवरचं पार्सल आत आणायचं नाही. भाजीवालीने टोपली गेटबाहेर ठेवायची. भांडी घासायला येणाऱ्या बायकांनी वॉचमनसमोर हात धुवूनच आत यायचं. पुण्याहून आलेल्या, लग्नाला जाऊन आलेल्या, हॉटेलात जेवून आलेल्या घरच्या माणसांना मात्र वॉचमन सलाम करत होता. नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. हात धुणं कधीच वाईट नसतं. पण तो कुणाला लावायचा हे आजार बघून ठरलं नव्हतं. आणि एकदा नियम लागला की तो मोडणारा उठून दिसतो. समोरची सून लिट्टीची पुडी पर्समध्ये लपवून आणताना मी पाहिली, आणि ही पोरगी एरवी कुणाच्या बापाला भीत नाही.

मी सवयीप्रमाणे वही घेतली आणि घरोघर गेले. काय खाल्लं, कुठे खाल्लं, पाणी कुठलं, कधीपासून त्रास. कोपऱ्यावरचे काका मुगाच्या खिचडीशिवाय काही खात नाहीत आणि गाडीवर तर कधीच गेलेले नाहीत, ते आजारी. शेवटच्या ओळीतलं एक घर आठवड्यातून एकदा तरी लिट्टी मागवतं, पण त्यांचं बोअर स्वतःचं. त्यांच्याकडे सगळे ठणठणीत. जे आजारी होते ते सगळे कॉलनीच्या सामायिक टाकीवरचे. निवृत्त झाले तरी ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली घरात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नळीत पाणी घ्यायचं आणि द्रावणाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. टाकीचं पाणी पांढरंच्या पांढरं. मग चौफुलीवर जाऊन गाडीवाल्याच्या ड्रमचं पाणी घेतलं, तर छान पिवळं. तो मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाचे, थेंब मोजून टाकतो. हे त्याला कोविडात एका आशाताईने शिकवलं होतं.

टाकीवर चढून बघितलं तर झाकण तुटलेलं आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट सांडपाण्याच्या नालीत टेकलेला. टाकी उपसली, घासली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, झाकण बसवलं. जुलाब ओसरले. ग्रुपवर टाकी धुतल्याचे फोटो आले, अंगठे आले, फुलं आली. पार्सलबंदी उठवल्याचा मेसेज मात्र आजवर आलेला नाही. कुणी उठवलीच नाही ती. पाळणारे अजून पाळताहेत.

यावर आमचा भाचा म्हणाला, मावशी, याच्यावर अभ्यास झालाय. तो पुण्यात मानसशास्त्र शिकवतो. मिशेल गेलफँड नावाच्या अमेरिकन बाई आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३३ देशांत पाहणी करून २०११ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत मांडलं, की ज्या समाजांनी लढाया, साथी, दुष्काळ, आपत्ती आणि दाटीवाटी जास्त सोसली, तिथे वागण्याचे नियम कडक असतात आणि मोडणाऱ्याला माफी कमी असते. कडकपणात पाकिस्तान आणि मलेशियाच्या पाठोपाठ भारत होता. सगळ्यात सैल युक्रेन. पुढे त्यांच्याच गटाने दाखवलं की धोका वाढला की नियम आवळतात, आणि आवळलेल्या समाजात परक्यांबद्दलचा आकस जास्त आढळतो. पण कडकपणा नुसता वाईट असंही त्या म्हणत नाहीत. २०२१ मध्ये त्यांनी ५७ देशांचा कोविडचा हिशेब मांडला, त्यात सैल देशांत रुग्णही जास्त आणि मृत्यूही जास्त होते. दोन्ही गोष्टी मला पटतात, कारण दोन्ही मी नोकरीत बघितल्यात. फक्त बाईंना बहुतेक माहीत नसेल की 'परका' व्हायला फार लांबून यावं लागत नाही. सुरतेहून अमळनेरला आलं तरी पुरतं.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग निघाला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. त्यात आपली किती होती हे खानदेशातल्या कुठल्याही गावाला विचारा. लिंबायत-उधना भागात अर्धा खानदेश राहतो. मी तेव्हा नोकरीत नवी होते आणि आमची ड्यूटी अमळनेर स्टेशनवर लागली. सुरतेकडून गाडी आली की डबे ओसंडलेले, ट्रंका, बोचकी, लूमच्या कापसाने पांढरे झालेले केस. आम्ही ताप विचारायचो, खोकला विचारायचो, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल हातावर ठेवायचो, नाव-गाव लिहून घ्यायचो. तोंडावर रुमाल बांधलेला, त्यामुळे ओळखीचे लोकही मला ओळखत नव्हते. अशाच एका गाडीतून माझा मोठा भाऊ उतरला. त्यालाही कॅप्सूल दिल्या, नाव लिहिलं, पुढच्याला बोलावलं. रांग लांब होती.

गावात त्याच्या आधीच बातमी पोचलेली. मारुतीच्या पाराशी माणसं बसलेली होती. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे अदबीने बोलत होते. हापश्यावर तुम्ही येऊ नका, आम्ही भरून देतो, म्हणाले. पोरांना शाळेत पाठवू नका. माझी माय स्वतः म्हणाली, "चार दिन वावरमाच ऱ्हाय, भाऊ." तो शेतातल्या खोलीत राहिला आणि भाकरी बांधावर ठेवली जायची. हे दिवस सरले तरी लोक त्याला 'सुरतवाला' म्हणूनच हाका मारत. त्याची जात तीच, बोली तीच, आडनाव पाराच्या निम्म्या लोकांचं तेच. त्याच सुमाराला काही आखाती देशांनी भारतातून येणारी विमानं थांबवली होती, आणि ते रेडिओवर ऐकून पारावरची हीच मंडळी चिडली होती. आम्हाला काय प्लेग झालाय का, म्हणाली.

त्याला वेगळं ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये खोकल्यातून रोग पसरतो, तेव्हा काही दिवस लांब राहणं बरोबरच. माझा आक्षेप त्याच्यापुढच्या दिवसांना आहे. औषधाचा कोर्स संपला, ताप नाही, खोकला नाही. तरी नियम उठला नाही, कारण तोवर तो आजाराचा राहिला नव्हता, त्या माणसाचा झाला होता.

सुरतेने मात्र नंतर जे केलं त्याला मी मानते. १९९५ पासून एस. आर. राव आयुक्त होते. कचरा टाकणाऱ्याला दंड, घाणेरड्या हॉटेलला दंड, अतिक्रमण मोठ्याचं असो की लहानाचं, तोडलंच. प्लेगच्या बदनामीनंतर दोनेक वर्षांत 'इंटॅक' या वारसा जपणाऱ्या संस्थेने सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर म्हटलं. भाऊ परत लूमवर गेला आणि पहिल्या पत्रात लिहिलं होतं, इथे आता गल्लीत थुंकलं तरी पैसे लागतात. तक्रार होती ती त्याची! पण तो दंड सुरतीला आणि खानदेशीला सारखाच होता.

२०१८ चं लिहू की नको असं वाटत होतं. तेव्हा आजार नव्हताच. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर येत होते, माझ्याही. १ जुलैला, आठवडी बाजाराच्या रविवारी, आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं. मराठी बोलणारी. पोरं कुणी पळवलेलीच नव्हती. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. एवढी माणसं गेल्यावर बोट पाचावर थांबलं.

लिट्टीवाला तेव्हा सायकलवर सत्तूचं सरबत विकायचा. एका शाळेजवळ उभा राहायचा, कारण उन्हाळी वर्गांना आलेली पोरं गिऱ्हाईक. जूनमध्ये त्याने ती जागा सोडली. कुणी हाकललं का, असं मी विचारलं होतं. नाही म्हणाला. एक ओळखीचे मास्तर हळूच म्हणाले होते, काही दिवस पोरांशी बोलू नको, बस. तेव्हापासून तो लहान मुलांना हातात काही देत नाही. आजही पुडी आईबापाच्याच हातात देतो. माझ्या नातीने हात पुढे केला तरी त्याने लिट्टी माझ्याकडेच दिली. तुम्ही पोरांना घेऊन गेलात तर हे लक्षात येईल. उद्धटपणा समजू नका.

आणि २०२०. मार्चअखेरीला गावोगावी वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या, कुठे बैलगाडी, कुठे ट्रॅक्टरची ट्रॉली. मुंबई-पुण्याच्या स्वतःच्या लेकरांनाही काट्यांच्या पलीकडून बोलावं लागलं. आमच्या पथकाकडे डाव्या हातावर मारायचे विलगीकरणाचे शिक्के होते. ती शाई दिवसेंदिवस जात नसे, आणि बायका पदराखाली हात लपवून दुकानात जायच्या. मालेगावचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरकत. आग्रा रोडवर धुळे-शिरपूरमार्गे बिजासन घाटाकडे माणसांची रांगच लागली होती. ८ मेला करमाडजवळ रुळांवर १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळला निघाले होते, तिथून घरची गाडी मिळेल म्हणून.

हा माणूस गेला नाही. एमआयडीसीलगत एका चाळीत त्याची खोली होती. घरमालकाने बाहेरच्या भाडेकरूंना सामायिक नळावर यायला मनाई केली. बायकांनी भल्या पहाटे, इतरांच्या आधी पाणी भरायचं आणि नळ धुवून ठेवायचा. आम्ही त्या चाळीत सर्व्हेला गेलो तेव्हा छपरा, गोरखपूर, खंडवा इकडच्या एकाही खोलीत ताप नव्हता. ताप मालकाच्या घरात होता. आमच्या आशाताईने मालकाच्याही दारावर पत्रक चिकटवलं आणि चाळीला मेडिक्लोर वाटलं. थेंब मोजायला ती तिथेच शिकवत होती, आणि ज्याने पुन्हा पुन्हा विचारून नीट समजून घेतलं तो हाच. ड्रम पिवळा का येतो त्याचं उत्तर तिथे आहे.

कडक नियमांनी त्याला छळलं आणि कडक नियमांनीच त्याची गाडी चौफुलीवरची सगळ्यात स्वच्छ गाडी झाली. जवळच आपल्याच माणसाची एक वडापावची गाडी आहे, नाव लिहीत नाही. तिथे पाण्याला झाकण नाही आणि एकच बादली सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कॉलनीच्या ग्रुपवर तिचा फोटो कधी आलेला नाही. तिथे मेसेज येतो तो 'आज गरम गरम वडे कोण आणतंय?' असा.

आता खोड काढते, नाहीतर म्हणाल बाई पैसे घेऊन लिहिते. कच्च्या मोहरीच्या तेलाचा हात त्याचा मोकळा आहे. शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या जिभेला तो वास थेट नाकात जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेल कमी सांगावं. हिरवी चटणी आंबट जास्त, तिखट कमी, हे खानदेशात चालणार नाही असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. आता मागितल्यावर ठेचा मिळतो, पण तो मिरची भाजून करत नाही, कच्चीच वाटतो. ते शिकवायचं बाकी आहे. बसायला जागा नाही, दोन स्टुलं आहेत ती म्हाताऱ्यांसाठी. गोवऱ्यांच्या धुराची आजूबाजूला तक्रार झाली म्हणून तो कोळशावर आलाय, आणि त्यात चव थोडी उतरली, हे तोही कबूल करतो. रविवारी गर्दी असते तेव्हा घाईत मधली लिट्टी कच्ची राहते. फोडून बघा. आत कणीक चिकट दिसली तर परत द्या, तो कुरकुर न करता पुन्हा निखाऱ्यावर टाकतो.

दर: दोन लिट्ट्या, चोखा, चटणी, कांदा मिळून ४० रुपये. तुपात बुडवून हवी तर ६०. तूप खरं आहे. वास घेऊन आणि बोटांवर चोळून बघितलंय. फोनवरून पैसे चालतात. वेळ संध्याकाळी साडेपाच ते दहा, पण आठनंतर चोखा संपतो आणि मग नुसती लिट्टी-चटणी मिळते. पाळी सुटायच्या वेळी जाऊ नका. तेव्हा कामगारांचा हक्क आहे, आपण उशिरा जेवलो तर काही बिघडत नाही. छठच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस गाडी बंद असते, सगळं कुटुंब गावी जातं. पार्सल घ्यायचं तर लिट्टी न फोडता घ्या आणि घरी तव्यावर गरम करा. फोडून नेलेली लिट्टी वाटेतच दगड होते. आमच्या कॉलनीतले असाल तर गेटवर पिशवी उघडी दाखवत या, मी तशीच येते. वॉचमनला एक लिट्टी दिली की तोही विचारत नाही.

उन्हाळ्यात सत्तूचं सरबत मिळतं: मीठ, भाजलेलं जिरं, लिंबू, बारीक कांदा. केळीच्या बागांत काम करून आलेल्याला दुपारी याच्यासारखं दुसरं काही नाही, पोटालाही आधार होतो. ग्लास काचेचे आहेत आणि तो ते गरम पाण्यातून काढतो. बर्फ मात्र बाहेरून लादी येते, गोणपाटात गुंडाळून, आणि ते पाणी कुठलं हे त्यालाही माहीत नाही. बिनबर्फाचं मागा.